मागच्या चाकाला काम मिळालं

मी चाक बोलतोय. मागचं, डावं. मुद्दाम सांगतो, कारण पुढची चाकं फार भाव खातात आणि त्यांच्यात माझी गणना झालेली मला खपत नाही.

आमच्या गाडीत इंजिनाची सगळी ताकद पुढच्या दोघांना. वळायचं त्यांनी, ओढायचं त्यांनी. आम्ही मागचे दोघं चौदा वर्षं त्यांच्या मागे नुसते फरफटत आलो.

मालक इंजिनाचे मिस्त्री. घराला लागूनच त्यांचं गॅरेज. त्याच छपराखाली, दुसऱ्या टोकाला, त्यांची बायको पंपांच्या जळालेल्या मोटरींमध्ये नवी तार गुंडाळून देते. ते तिच्या कामाला ‘विणकाम’ म्हणतात, ती त्यांच्या कामाला ‘धुराचा धंदा’. संसार झकास चाललाय.

गाडी चालवते त्यांची मुलगी. ती नर्स आहे. आमची गल्ली चढ चढून एकदम हमरस्त्याला मिळते. तिथे फट दिसली की झटकन घुसावं लागतं. एकदा तिने तसाच पाय दाबला. गाडीचं नाक वर झालं, सगळा भार मागे माझ्यावर आला आणि हलकी झालेली पुढची चाकं खडीवर नुसतीच गरगरली. समोरून ट्रक हातभर अंतरावरून गेला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. भार माझ्यावर होता, पकडही माझी होती, पण मला काही करता आलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन बस बदलून कामावर जायला लागली. “बाबा, विकून टाका ती गाडी,” म्हणाली. महिनाअखेरीला भंगारवाला येणार असं ठरलं.

मिस्त्री मात्र चढावर जाऊन खडीवरचे ओरखडे बघून आले. “भार मागे पडतो, तर जोरही मागेच द्यायला हवा,” असं स्वतःशीच पुटपुटले. एका चेपलेल्या विजेच्या गाडीची मोटर त्यांनी आणली आणि आम्हा दोघांच्या मधे बसवली. बॅटरी गेली स्टेपनीच्या खड्ड्यात, बिचारी स्टेपनी टपावर. एवढ्या दिवसांत बायकोला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

पहिली चाचणी अंगणात. मायलेकी बघायला उभ्या. मिस्त्रींनी पाय दाबला. पुढची चाकं निघाली पुढे आणि आम्ही जन्मात पहिल्यांदा मिळालेला जोर लावून निघालो मागे! गाडी जागच्या जागी थरथरत राहिली, रबराचा वास सुटला.

“येऊ दे त्या भंगारवाल्याला,” म्हणत मुलगी घरात निघाली.

“थांब गं,” आई म्हणाली. “अहो, पंप उलटा फिरला की काय करतात?”

“दोन वायरी अदलाबदल...” मिस्त्री बोलता बोलता थांबले. “मग आधी नाही का सांगायचं?”

“विणकामवालीला विचारलं कोणी? सरका तिकडे. आधी बॅटरी तोडा.”

अर्ध्या तासात तिने वायरी बदलल्या, त्यांच्या सोबतच्या बारीक जोडण्याही जुळवल्या.

अंगणात गाडी सरळ पुढे धावली. मग तिघंही चढावर. मुलीचे हात स्टिअरिंगवर घट्ट. लांबून ट्रक येत होता. फट दिसली. तिने श्वास घेतला आणि पाय दाबला. नाक वर झालं, भार माझ्यावर आला, पण या वेळी मी रिकामा नव्हतो. खडीत रुतून मी असा रेटा दिला की आरशातला ट्रक बघता बघता एवढासा झाला. पोरगी खळखळून हसली.

फेरी मारून तिने गाडी गल्लीच्या तोंडाशी आणली.

“आई, बाबा, उतरा.”

“का गं? काय बिघडलं?”

“काही नाही. ड्यूटीची वेळ झाली. मी एकटी जाते.”

मिस्त्रींनी खिशातल्या तेलकट फडक्याने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. बायको हसत सुटली.

महिनाअखेरीला भंगारवाला आला, तेव्हा गाडी अंगणात नव्हती. ड्यूटीवर होती.

एकच मागणं आहे. हवा भरताना पुढची चाकं बघून निघून जाऊ नका, मागेही जरा वाका. बरं, ती किल्ली घेऊन येतेय. बोलत बसायला आता मला वेळ नसतो.