एकोणीस दिवस गैरहजर

ओडेसा रँडल पाळणाघराच्या दारात आली तेव्हा तिच्या एका हाताला कझाया होती, दुसऱ्या हाताला कटूरा, आणि काखेत फाडलेलं पाकीट दाबून धरलेलं. चार वर्षांच्या जुळ्या पोरी तिचे हात सोडून सरळ नाश्त्याच्या टेबलाकडे पळाल्या. ओडेसाने मात्र नेहमीसारखी दारातल्या टॅबलेटवर बोटाने सही केली नाही. तिने पाकीट व्हर्लिनपुढे धरलं.

"मिस व्हर्लिन, हे जरा वाचा. मी तीनदा वाचलं. माझंच डोकं फिरलंय की काय, कळत नाही."

व्हर्लिन स्टोक्सने चष्मा चढवला. लोरी गावात ती सव्वीस वर्षं पाळणाघर चालवत होती. आता तिच्याकडे मुलं सोडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तिने स्वतः भरवून मोठं केलं होतं. ओडेसाही त्यातलीच. पत्र पाळणाघराच्या फीसाठी पैसे देणाऱ्या राज्याच्या अनुदान खात्याकडून आलं होतं. कटूरा रँडल ही सप्टेंबर महिन्यात एकोणीस दिवस गैरहजर होती, सबब तिचं अनुदान एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे. शिवाय एकाच बालकाची हजेरी दोन वेळा पाठवल्याचं आढळल्याने पाळणाघराच्या चालकांनी खुलासा करावा.

व्हर्लिनने मान वर केली. कटूरा टेबलाशी बसून लापशीत लोणी कालवत होती.

"अगं, ही पोरगी एक दिवससुद्धा चुकलेली नाही."

"तेच म्हणते मी. कझाया दोन दिवस तापाने घरी होती. ही तर त्या दिवशीही आली. आणि त्या कागदात कझायाचे बाकीचे सगळे दिवस अगदी व्यवस्थित आहेत."

ओडेसा इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळच्या पाळीला होती. सातच्या आत कामावर पोचायचं होतं. "तू जा," व्हर्लिन म्हणाली. "पोरी माझ्याकडेच राहतील, दोघी. बाकीचं मी बघते."

तोपर्यंत व्हर्लिनला राग आला नव्हता. कुठेतरी चूक झाली असेल, फोन केला की निस्तरेल, असंच तिला वाटलं. पूर्वी ती वहीत हजेरी मांडायची आणि महिन्याच्या शेवटी टपालाने पाठवायची. गेल्या वर्षी खात्याने फर्मान काढलं, की हजेरी संगणकातूनच आली पाहिजे, आणि ती खात्याच्या यंत्रणेला थेट जोडलेली हवी. तिने मुकाट्याने एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. मुलांच्या आया दारात सही करत आणि रोज संध्याकाळी हजेरी आपोआप राजधानीत पोचे. निदान तसं सांगितलं तरी होतं.

कंपनीचा ट्रेव्हर नावाचा मुलगा फोनवर फार गोड बोलला. "मॅडम, आमच्याकडून दोन्ही नावं गेलेली दिसतायत. रोज. सगळं हिरवं आहे. अडचण पलीकडे असणार."

खात्यातल्या बाईने फोनवर पाऊण तास ताटकळत ठेवून सांगितलं, की अडचण काहीच नाही. यंत्रणेने दुबार नोंद काढून टाकली, ते तिचं कामच आहे.

"दुबार कुठली? त्या दोन मुली आहेत."

"आडनाव, जन्मतारीख आणि नावाचं पहिलं अक्षर. ही तिन्ही जुळली की यंत्रणा एकच मूल धरते. आधी आलेली नोंद राहते, नंतरची पुसली जाते."

ओडेसा कझायाचं नाव नेहमी आधी लावायची, कारण ती सात मिनिटांनी थोरली. कझाया तापात होती ते दोन दिवस कटूरा हजर दिसत होती. बाकीचे एकोणीस दिवस नाही. व्हर्लिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाई, त्या जुळ्या आहेत. जुळ्यांची जन्मतारीख वेगळी कशी असेल?"

"यंत्रणेला ते कसं कळणार? तुम्ही असं करा, दुसरीचं नाव 'के'ऐवजी 'सी' लावून लिहा. उच्चार तोच राहतो. बरेच जण असं काहीतरी करतात."

"आणि तुमच्या त्या फॉर्मखाली काय छापलंय? खोटी माहिती देणं गुन्हा आहे, असं. त्याच्याखाली सही माझी असते, तुमची नाही. जन्मदाखल्यावर 'के' आहे. त्यांच्या आजीने बायबलातून शोधून ठेवलेली नावं आहेत ती. तुमच्या यंत्राला दोन पोरी मोजता येत नाहीत म्हणून मी तिचं नाव बदलू?"

बाई म्हणाली, आणखी काही मदत हवी आहे का. व्हर्लिनने फोन ठेवला. आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

बुधवारी ओडेसाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पोरींना घेऊन दोघी व्हर्लिनच्या गाडीतून तालुक्याच्या कचेरीत गेल्या. खिडकीमागे हॅलफर्ड नावाचे पोक्त गृहस्थ होते, चर्चमध्ये गाणारे, माणूस म्हणून चांगले. व्हर्लिनने दोन्ही पोरींना उचलून खिडकीच्या फळीवर बसवलं.

"मोजा साहेब."

हॅलफर्ड हसले. "यातली कटूरा कोण?"

दोघींनीही हात वर केले. व्हर्लिनने डोळे वटारले, तसा कझायाने आपला हात हळूच खाली घेतला. मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. ओडेसालाही हसू आलं, आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

"माझा विश्वास आहे हो," हॅलफर्ड म्हणाले. "दोन आहेत, मला दिसतायत. पण मला दिसतंय हे टाकायला इथे रकानाच नाही. अपील करा. सुनावणी लागेल सहा आठवड्यांत."

"सहा आठवडे हिने काय करायचं? पोरीला धुलाईघरात गाठोड्यात बांधून न्यायची?"

हॅलफर्डनी अपिलाचा फॉर्म पुढे सरकवला आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने खूण करून दिली.

ते सहा आठवडे कटूरा रोज येत राहिली. तिची फी कुठून येणार हा विषय ओडेसाने दोनदा काढला आणि दोन्ही वेळा व्हर्लिनने तो उडवून लावला. पण बाकीचं काही तिच्या हातात नव्हतं. कचेरी, कागद, शिक्के यांच्यापायी ओडेसाच्या चार रजा झाल्या. धुलाईघराच्या मुकादमाने तिची सकाळची पाळी काढून तिला शनिवार-रविवारवर टाकलं. "भरवशाचं माणूस हवं," एवढंच तो म्हणाला. व्हर्लिनने ते ऐकलं आणि त्या दिवशी मुलांची जेवणाची ताटं इतक्या जोरात मांडली, की कधी नव्हे ती सगळी मुलं चिडीचूप झाली.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात ती सप्टेंबरचे सगळे कागद काढून बसली. सह्या होत्या, पण सह्या खोट्या असू शकतात असं ते म्हणणार. फोटो होते, पण जुळ्यांच्या फोटोत कोण कोणती हे कसं सिद्ध करायचं? चाळता चाळता तिच्या हाताला अपघाताच्या नोंदीचा पिवळा कागद लागला. सप्टेंबरचा दुसरा गुरुवार. कटूरा घसरगुंडीवरून पडली होती आणि तिच्या हनुवटीला खरचटलं होतं. त्या दिवशी राज्याची तपासनीस न सांगता आली होती. पोरगी तिच्या डोळ्यांदेखत पडली, म्हणून साक्षीदार म्हणून सही तिचीच होती. व्हर्लिनने त्याच दिवसाचा तपासणी अहवाल शोधला. तपासनिसाने डोकी मोजून लिहिलं होतं, मुलं बावीस. संगणकाने खात्याला त्या दिवशी एकवीस दाखवली होती.

सुनावणी पडद्यावर झाली. एका चौकोनात सुनावणी समितीच्या अधिकारी, पांढऱ्या केसांच्या एक बाई. दुसऱ्यात खात्याचा प्रतिनिधी. तिसऱ्यात व्हर्लिन आणि ओडेसा खांद्याला खांदा लावून. प्रतिनिधीने वाचून दाखवलं, एकोणीस दिवस गैरहजर. त्याचा आवाज रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसा होता.

व्हर्लिनने दोन्ही कागद एकेक करून वाचले. "सही कुणाची आहे, तेवढं या साहेबांना विचारा," ती म्हणाली. "पोरगी गैरहजर असेल, तर तुमच्या तपासनिसाने पडताना कुणाला पाहिलं?"

"सही आमच्या खात्याची दिसते," प्रतिनिधी म्हणाला.

अधिकारी बाईंनी विचारलं, "राज्यात अशी आणखी किती जुळी आहेत?"

"ते आम्ही पाहिलेलं नाही."

"मग पाहा. आणि या समितीला लेखी कळवा."

नऊ दिवसांनी निकाल आला. अनुदान पूर्ववत, थकबाकीसह. पाळणाघरावरचा ठपका रद्द. सोबत पोचपावती होती, सही करून परत पाठवायची. व्हर्लिनने ती दोनदा वाचली, संगणकात सप्टेंबर उघडून पाहिला आणि सही न करता खात्याला फोन लावला.

"तुमच्या यंत्रात सप्टेंबर अजून तसाच आहे. एकोणीस दिवस गैरहजर."

"मॅडम, होऊन गेलेला महिना कुलूपबंद असतो. पैसे तर मिळाले ना?"

"पैसे मिळाले म्हणजे पोरगी आली होती असं होतं का? आली होती, असं लिहा. तोवर मी सही करत नाही."

तीन पत्रं गेली, चार फोन झाले. फेब्रुवारीत दुरुस्त पत्रक आलं. कटूराच्या नावापुढे एकवीस वेळा हजर. त्याच आठवड्यात ट्रेव्हरने कळवलं, की आता प्रत्येक मुलाला वेगळा क्रमांक मिळणार, कामाला फक्त चार दिवस लागले. ओडेसाला पत्रक दाखवलं तेव्हा तिने ते बराच वेळ हातात धरलं. सकाळची पाळी मात्र तिला परत मिळाली नव्हती.

खात्याने समितीला दिलेल्या उत्तराची प्रतही त्याच पाकिटात होती. व्हर्लिनने ती शेवटी उघडली आणि खाली छापलेल्या नंबरवर फोन लावला.

"जुळ्यांच्या त्रेसष्ट जोड्या लिहिल्यात. यातल्या अपिलात किती गेल्या?"

पलीकडे कळफलक वाजला. "तुमची एकच, मॅडम."

"बाकीच्यांचं काय झालं?"

"त्यांनी मुदतीत हरकत घेतली नाही. त्या फाइली बंद झाल्या."

व्हर्लिनने फोन ठेवला. आत दुपारच्या झोपेसाठी चटया पसरल्या जात होत्या. बासष्ट घरांतल्या बासष्ट आयांना कुणीतरी सांगितलं असेल, की तुमचं मूल आलंच नव्हतं, आणि त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं असेल. तिने कपाटातून राज्यभरच्या पाळणाघरांची यादी काढली, चष्मा पुसला आणि 'ए'पासून सुरुवात केली.

"नमस्कार, मी लोरीहून व्हर्लिन स्टोक्स बोलतेय. तुमच्याकडे जुळी मुलं आहेत का?"