झाकण ठेवून गप्प बसावं

एक. पाणी उकळावं.

आसामात पलटणीच्या तळाशेजारी चहाचा मळा असलेल्या साहेबाच्या खानसाम्यानं नाथाजी हवालदाराला चहाची डबी दिली, तेव्हा चार हुकूमही दिले. हा पहिला.

साल १९४४. रजेची शेवटची संध्याकाळ. सकाळी सातारा रोड स्टेशनावरून गाडी, मग पुन्हा पलटण, पुन्हा लढाई. डबीत दोघांपुरती पत्ती होती. नाथाजीला एवढंच हवं होतं: बायकोबरोबर ओट्यावर बसून एकदा हा चहा. शांतपणे.

दोन. पत्तीवर ओतावं.

"आवं, दूध?" हरणाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"गूळ?"

"न्हाई."

"मग ह्यात हाय काय?"

"वास. आन् एकदा ओतून सरत न्हाई. चांगली पत्ती दुसऱ्यांदाबी उतरती."

तीन. झाकावं.

तांब्यावर ताटली. शेजारी सांगलीच्या बाजारातले दोन काचेचे पेले.

चार. गप्प बसावं.

साहेब आणि त्याची मडम असेच तासभर गप्प बसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाथाजीला वाटलं होतं, कुणीतरी गेलंय. त्यानं टोपीसुद्धा काढली होती.

आता पलीकडच्या कोंडीबानं पाहिलं. नवरा-बायको ओट्यावर शेजारी, तोंडात शब्द नाही, चहा कोरा. कोरा चहा मयताच्या घरी देतात. कोंडीबानं मुंडासं काढलं आणि पायरीवर येऊन बसला.

"तार कवा आली?"

"कसली तार?"

"पलटणीतल्या माणसाच्या घरी कसली येती? नाथाजी गेला म्हून."

"कोंडीबा, मीच नाथाजी."

कोंडीबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पयल्या दिवशी असंच वाटतं, गड्या."

चार, पुन्हा.

शेजारची बनुबाई पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिनं आल्या आल्या गळा काढला.

"लय गुणाचा हुता गं, हरणे!"

"अगं, हितं बसलेत की ते!"

"बसू दे. त्याचंच घर हाय."

दिवेलागणीला चाळीसेक माणूस जमलं. जोतिबा डोळे पुसत म्हणाला, "त्याची कुऱ्हाड माज्याकडंच ऱ्हायली. आता कुणाला देऊ?"

"मला दे," नाथाजी म्हणाला.

"तू कशाला मधी बोलतूस रं?"

नाथाजी उठला. परेडच्या आवाजात ओरडला, "जिवंत हाय मी!"

रडणं वाढलं.

चहा निवत होता. हरणाबाईनं ताटली काढली, पेले भरले.

"आवं, ऐका. मेलेल्या माणसाला कुणी हाक मारत न्हाई, कामं सांगत न्हाई. गप बसा आन् प्या."

चार, शेवटचं.

नाथाजी बसला. तो गप्प झाल्यावर माणसंही गप्प झाली. चाळीस माणसं, दोन पेले. कुणी खोकलंसुद्धा नाही. हरणाबाईनं घोट घेतला. कडवट. मग बऱ्याच वेळानं, घशाशी, गोड.

"साहेब उगाच न्हाई गप बसत," ती म्हणाली.

पाच. हा हुकूम खानसाम्यानं दिला नव्हता.

सकाळी नाथाजी ट्रंक डोक्यावर घेऊन स्टेशनाकडे निघाला. वाटेत ज्यानं त्यानं हात जोडले. परत कवा येणार, हे एकानंही विचारलं नाही.

बनुबाई हरणाबाईच्या बांगड्या उतरवायला आली. हरणाबाई अंगणात बसून कालची भिजकी पत्ती सुपात पसरत होती. एकेक पान सुटं करत होती.

"हात कर म्होरं," बनुबाई म्हणाली.

"हात गुतलाय."

"अगं, चोथा त्यो! टाकून दे."

"टाकती कशाला?" हरणाबाईनं सूप उन्हात सरकवलं. बांगड्या वाजल्या. "दुसऱ्यांदा उतरायची हाय."