शाकारलेलं जहाज

गुणवंतीच्या लेखी पावसाळ्यात दर्या बंद म्हणजे बंद. जेठात होड्या वाळूवर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या आणि नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय पाण्यात जायचं नाव काढायचं नाही. हा नियम मोडला तो तिच्याच नवऱ्यानं. पुनवेला दहा दिवस असताना, दर्या निवळलाय म्हणत विठोबा गेला. दोन दिवसांनी होडी माहीमच्या खाडीत सापडली, विठोबा सापडला नाही. त्यानंतर गुणवंती चार महिने कुणाशी बोलली नव्हती, असं शेजारची जाईबाई सांगायची.

तेव्हा अकरा वर्षांचा असलेला त्यांचा हरेश्वर पुढं नौदलात लागला. पहिल्याच पावसाळ्याआधी आईचा चेहरा बघून त्यानं थाप मारली, की आमची जहाजंसुद्धा या दिवसांत गोदीत शाकारून ठेवतात. गुणवंतीला ती सहज पटली. कुठला शहाणा माणूस आषाढात जहाज बाहेर काढील? दादरच्या बाजारात सुकट-बोंबील विकताना ती गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, की एवढ्या मोठ्या जहाजाला झावळ्या किती लागत असतील, तुम्हीच बघा.

दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन शैला प्रभादेवीच्या या घरात आली, तेव्हा ही गोष्ट नवऱ्यानं तिला हसत हसत सांगितली होती. तीही हसली होती. लालबागच्या चाळीत वाढलेली, बी.कॉम. झालेली मुलगी ती. समुद्र म्हणजे तिला गणपती विसर्जनापुरता ठाऊक.

आता मात्र हसू येत नव्हतं. नव्व्याण्णवचा मे संपत आला होता, कारगिलची लढाई पेटली होती आणि एका दुपारी जाईबाईकडं हरेश्वरचा फोन आला. निघतोय, म्हणाला. कुठं आणि किती दिवस, विचारू नकोस. पोराला जप. आणि आईला कळू देऊ नकोस, जहाज गोदीत आहे असंच सांग. एवढं बोलून फोन बंद झाला.

तेव्हापासून पाच आठवडे शैला दोन प्रकारची भीती पोटात घेऊन वावरत होती. हरेश्वर जहाजावर रडारवर होता. त्याची ती अंधारी खोली तिनं कधी पाहिली नव्हती, पण त्याच्या तोंडून इतकी ऐकली होती, की कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही ती डोळ्यांसमोर यायची. हिरवा पडदा, त्यावर ठिपके. हळू सरकणारा ठिपका म्हणजे व्यापारी बोट, भराभर येणारा म्हणजे विमान. आणि त्याहून वेगानं येणारा म्हणजे क्षेपणास्त्र, तो दिसला तर हातात मिनिटभरसुद्धा नसतं. सहा तास पहारा, सहा तास झोप, तीही अंगावरच्या कपड्यांनिशी. एकाहत्तरच्या लढाईत आपलं एक जहाज बुडालं होतं, हे तिनं वाचलेलं होतं. आता ते आपण वाचलं नसतं तर बरं, असं तिला वाटे. टीव्हीवर सगळे डोंगर, तोफा, बर्फ. समुद्राबद्दल चकार शब्द नाही. गुपित ठाऊक असलेली जाईबाई तर म्हणाली, "लढाय डोंगरावं, तुजा घोव पान्यावं. तू कशाला सुकतंस?"

दुसरी भीती घरातच होती. खरं कळलं तर सासूचं काय होईल? रोज संध्याकाळी गुणवंती विचारायची, हऱ्याला सुट्टी कवा? शैला म्हणायची, पुढच्या आठवड्यात, आई.

हे 'पुढच्या आठवड्यात' तिच्या ओळखीचं होतं. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिचे वडील कुशाबा गिरणीच्या फाटकावरून रोज परत यायचे आणि आईला सांगायचे, पुढच्या सोमवारी भोंगा होणार. आई दर रविवारी त्यांचा कामाचा सदरा धुऊन ठेवायची. वर्षभरानं कुशाबा एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले तेव्हा कळलं, की गिरणी आता उघडायची नाही, हे त्यांना केव्हाच समजलेलं होतं. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, की मला सांगितलं असतंत, तर मीही काहीतरी केलं असतं. आज शैला नेमकं वडिलांसारखं बोलत होती, आणि ते तिला कळत होतं.

यंदा जेठ दोन आले होते. अधिक महिन्यामुळं पूनवही लांबली, बाजारात बसायचे दिवसही वाढले. बसल्या बसल्या गुणवंतीनं ठरवून टाकलं, की नातवाला आठवा महिना लागला, उष्टावण आता थांबायची नाही, आणि बापाशिवाय ती व्हायचीही नाही. जहाज गोदीतच आहे ना? मग दोन तासांसाठी पोराला सोडायला सायबाचं काय जातं? आपण स्वतः जाऊन विचारू. शैलानं बाळाची सर्दी पुढं केली, पाऊस पुढं केला. गुणवंती छत्री घेऊन दारात उभी राहिली. नाइलाजानं शैलाही बाळाला घेऊन निघाली.

बसमध्ये तिनं मनाशी ठरवलं, लालबाग गेल्यावर सांगायचं. लालबाग गेलं. मग भायखळ्याला. तिथं बाळ रडायला लागलं. फोर्टात उतरल्या तेव्हा गुणवंती एवढ्या झपाझप चालायला लागली, की शैलाच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

गोदीच्या फाटकावर दोन संत्री होते. गुणवंतीनं पदर सारखा केला आणि बाजारातल्या हिंदीत सुरुवात केली. "हमारा पोरगा अंदर है. हरेश्वर. जहाज शाकारेला है ना, तो उसको दो घंटा छोडो."

'शाकारेला' कुणालाच कळेना. तिनं दोन्ही हातांनी झावळ्या अंथरून दाखवल्या. धाकटा संत्री खो खो हसला. अम्मा, जहाजावर कुणी पानं घालतं का, म्हणाला, आणि या दिवसांत जहाजं इथं कशाला असतील? थोरल्यानं त्याला दरडावलं. मग गुणवंतीला हात जोडून म्हणाला, माई, जहाजांचं आम्ही काही सांगू शकत नाही, तुम्ही घरी जा.

गुणवंती वळली. रस्ता ओलांडला आणि फुटपाथच्या कठड्यावर बसली. शैला तिच्या शेजारी बसली. आता सांगायला काही उरलंच नव्हतं, तरी तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, फोनसकट.

सासूनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग विचारलं, "तुला ठाव व्हता?"

"हो, आई."

"कवापासून?"

"लग्नापासून."

"आनि तो दर साल जायचा? पावसातसुदीक?"

शैलानं होकाराची मान हलवली. आता ही कोसळेल, म्हणून तिनं बाळाला एका हातावर घेऊन दुसरा मोकळा ठेवला. पण गुणवंती कोसळली नाही. तिला राग आला होता.

"तेचा बाप दर्यावर असला का मी रातची दाराला कडी लावत नसे," ती म्हणाली. "एक रात नाय लावली. मानूस बाहेर असला का घरानं जागं असायचा. आनि नऊ पावसाळं माजा पोर दर्यावर, आनि मी कडी लावून झोपलंय. मना झोपवलंत तुम्ही दोघांनी."

शैलाला आपली आई आठवली, तो धुतलेला सदरा आठवला. माफ करा, ती म्हणाली. गुणवंतीनं ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. तिचं दुसरंच चाललं होतं. जहाज चालवणारा तांडेल कोण आहे? जाणता आहे का? गोडं पाणी किती दिवसांचं भरतात? हऱ्या काय करतो नेमकं? शैलाला अर्ध्याची उत्तरं येत होती. रडारचं मात्र तिनं नीट सांगितलं.

"म्हंजे काय येतंय तां पयलं तेना दिसतं," गुणवंती म्हणाली.

"हो."

"मंग तेना झोप लागून कशी चालंल." आणि ती उठली.

घरी आल्यावर तिनं पदर खोचून भात टाकला आणि उष्टावण उरकून घेतली. पहिला घास भरवायला बाळाच्या मामालाही बोलावलं नाही, कुणाची वाट बघितली नाही. पोराच्या पोटाला लढाई कळत नाही, म्हणाली. मग शैलाला कागद घ्यायला लावला. हरेश्वरला पत्रं जहाजाच्या नावानं टाकायची असत, ती नौदलच पुढं पोचवी. "लिव," गुणवंती म्हणाली. "हऱ्या, तू खोटारडा हाईस. घरी ये, मग बघते. तवर डोळं उघडं ठेव. मना समदा ठाव जालाय, आता माजी काळजी करू नको, कामावं ध्यान दे." मग म्हणाली, "आता तुजा लिव."

शैलाचं पेन अडलं. पाच आठवड्यांत तिनं चार पत्रं लिहिली होती, आणि चारही पत्रांत सगळं छान होतं. आई मजेत, बाळ मजेत, मी मजेत. मग तिनं एक ओळ लिहिली.

"काय लिवलास?" गुणवंतीनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"मला भीती वाटते, असं लिहिलंय." शैलानं ओळ खोडायला पेन टेकवलं. "नको, उगाच त्याला तिकडं—"

"ऱ्हाऊ दे," गुणवंती म्हणाली. "खोडू नको. आनि पोराला खालचा दात आलाय, तेवडा लिव."