‘क’च्या पोटातला उजेड

जाड अक्षर म्हणजे बारीक अक्षरावर चढलेली चरबी, हा समज मला मुळीच मान्य नाही. म्हणून नव्या अक्षरसंचासाठी मी एकच नियम पाळला होता : प्रत्येक उभा दंड जाडीला तंतोतंत समान. नाट्यगृहाचे व्यवस्थापक ‘कडकडाट’ या नाटकाची भित्तिपत्रके त्यात छापणार होते. अट एवढीच, की समोरच्या फुटपाथवरून नाव वाचता यावे. नाहीतर छपाई जुन्या अक्षरांत, आणि माझी आठ महिन्यांची मेहनत कपाटात.

ते चारला येणार होते. दोन वाजता ताईने छापील नमुना रस्त्यापलीकडच्या भिंतीवर लावला. वडिलांचे फलक रंगवण्याचे दुकान तीच चालवते, आणि त्यांची परीक्षाही तिनेच जपली आहे : अक्षर पलीकडे लावायचे, डोळे अर्धे मिटायचे, जे काळे पडेल ते नापास.

दोन्ही ‘क’ काळे पडले. मधल्या दंडाने दोन्ही पोटांतली पांढरी जागा गिळली होती.

मी हटलो नाही. कंपास लावून जाडी सारखीच असल्याचे सिद्ध केले. हा दंड बारीक केला तर शेजारच्या कान्याशी बेइमानी होईल, हेही बजावले.

“तुझी मोजपट्टी रस्ता ओलांडत नाही रे,” ताई म्हणाली. “आता तोच कंपास आपल्या पाटीला लाव.”

दुकानाच्या पाटीवर वडिलांच्या हातचा ‘क’ आहे. त्याखाली बसून मी अक्षर ओळखायला शिकलो. त्याचे दंड समान आहेत, हे मी पैजेवर सांगितले असते. शिडीवर चढून मोजले. पोटांमधला दंड कान्यापेक्षा पाचव्या हिश्शाने बारीक निघाला. दिव्याखालचा अंधार म्हणतात तो हाच.

खाली उतरून मी ‘क’चा मधला दंड तेवढाच छाटला आणि नमुना पुन्हा छापला. चारला व्यवस्थापक पलीकडे उभे राहिले, नाव एका दमात वाचले आणि येऊन म्हणाले, छपाईला द्या. सगळे दंड सारखे ठेवलेत हे विशेष आवडले, असेही म्हणाले.

ते गेल्यावर ताई म्हणाली, “हरलास म्हण की.”

नियम तसाच आहे, मी सांगितले. फक्त दंड समान ‘असावेत’ऐवजी समान ‘दिसावेत’ असे वाचायचे.

“बरं, पंडित,” ती म्हणाली. “आता ‘फ’ आण. त्याचंही पोट बघू.”