सिद्राची भूक

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, शेजारच्या कौसरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. गुजराँवालाच्या आमच्या गल्लीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. तिची सिद्रा आठ वर्षांची, पण वजन मोठ्या बाईला मागे टाकील असं. जेवून उठली की पुन्हा भूक. म्हशीची पेंडसुद्धा खायची. अडवलं तर चावायची. कौसरच्या दोन्ही हातांवर लेकीच्या दातांचे वण होते.

कौसरचा नवरा वारलेला. घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा, तुफैलचा. तरुणपणी तो आखाड्यात घुमलेला. स्वयंपाकघराला आणि अंगणातल्या फ्रीजरला कुलपं त्यानंच लावली होती.

मी धावत गेले. फ्रीजरचं कुलूप फुटलेलं, आणि सिद्रा जमिनीवर बसून कुर्बानीचं गोठलेलं कच्चं मांस चावत होती. हिरड्यांतून रक्त येत होतं. तुफैल तंदूरच्या लोखंडी सळईनं तिला झोडपत होता.

"थुंक! थुंक म्हणतो ना!"

"तायाजी, भूक लागलीय," ती चावता चावता रडत होती.

"सकाळी सहा रोट्या गिळल्यास! पोट आहे की विहीर?"

पुढचा फटका हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सिद्रा कळवळली, आणि खाली पडलेला तुकडा तिनं दुसऱ्या हातानं उचलला.

कौसरनं खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि दिराच्या डोक्यात घातला. तो फ्रीजरवर आपटला. तिनं पुन्हा मारला, खांद्यावर.

"भाईजान, परत हात लावलात तर इथंच चिरून टाकीन!"

मी तिला मागून धरलं, तर तिचं कोपर माझ्या तोंडावर बसून ओठ फाटला.

इस्पितळात हाताला प्लास्टर घालताना डॉक्टर अंबरीननं कौसरला विचारलं, "हे वजन कधीपासून?"

"जन्मली तेव्हा चारचौघींसारखीच होती. तीन-चार महिन्यांतच फुगायला लागली."

"तुम्ही नवराबायको नात्यातले?"

"माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा."

रक्त तपासायला लाहोरला गेलं. मग डॉक्टरनं समजावलं, "पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारा एक हार्मोन असतो, चरबीतून निघतो. हिच्या शरीरात तो तयारच होत नाही; नात्यातल्या लग्नांत कधी कधी असं होतं. कितीही खाल्लं तरी मेंदूला वाटतं, पोर उपाशी मरतेय."

तुफैल डोक्याला पट्टी बांधून भिंतीशी उभा होता. "म्हणजे मारून ती सुधारली नसतीच?"

"तहान लागली म्हणून कुणाला मारतात का?" डॉक्टर म्हणाली.

औषध परदेशातून यायचं होतं. अख्खा हिवाळा गेला. कौसर लेकीला घेऊन माझ्या वरच्या खोलीत राहिली. रोटी दिली नाही म्हणून सिद्रानं एकदा माझा अंगठा हाडापर्यंत चावला. एकदा खिडकीची काच फोडून रस्त्यावर उडी घ्यायला निघाली. आम्ही दोघींनी तिला चारपाईला बांधलं. बांधताना कौसर तिच्याहून मोठ्यानं रडत होती.

मग रोजचं इंजेक्शन सुरू झालं. काही आठवड्यांनी एका दुपारी सिद्रानं अर्धी रोटी ताटात ठेवली.

कौसर घाबरली. कपाळाला हात लावून बघितला. "बरं वाटत नाही का ग?"

"अम्मी, आता नको."

वजन उतरत गेलं. हात मात्र वाकडाच जुळला.

पुढच्या ईदला तुफैल मिठाई घेऊन माझ्याकडे, त्यांच्या वरच्या खोलीशी आला. "कौसर, दार उघड. पोरीला बघू दे."

त्याचा आवाज ऐकताच सिद्रा चारपाईखाली शिरली आणि तिथंच तिनं कपडे ओले केले. कौसर दाराला पाठ लावून बसली. तो बराच वेळ दार वाजवत राहिला.