खालची खूण

हत्यारांची पिशवी दारात आपटून ती थेट स्वयंपाकघरात शिरली, तर गॅसवर पातेलं आधीच चढलेलं. आत भोपळा, गाजर आणि कोबी रटरटत होते. एक तुकडा बोराएवढा, तर दुसरा मुठीएवढा.

"हे कुणी चढवलं?"

"मीच," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "काल तू म्हणालीस ना, नुसते बसून असता."

म्हणाली होती खरी. पण त्यानं तिचा पारा उतरला नाही, चढलाच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं भरून घेतला नाही, त्याला आता भाजी चिरायचं सुचत होतं. आई असताना सुचलं असतं तर काय बिघडलं असतं? ओट्यासमोर बाबांचं बसायचं स्टूल तसंच होतं. फार वेळ उभं राहवत नसे त्यांना. तिनं ते पायानं बाजूला सारलं.

बाबांचं हृदय थकलं होतं. मीठ जरा जास्त झालं की पाय सुजायचे, श्वास लागायचा. दोन महिन्यांपूर्वी असंच झालं आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टरांनी एक चिमुकला चमचा तिच्या हातावर ठेवला होता. सबंध दिवसाचं मीठ एवढंच, म्हणाले. चमचा तिच्याच हातावर का ठेवला, हे विचारायचं तिला तेव्हा सुचलं नाही. दादा शेजारीच उभा होता. तो आता दूर त्याच्या घरून रोज फोन करून सांगायचा, हे वाफव, ते उकड, अमुक बिया भिजत घाल. लोका सांगे ब्रह्मज्ञान. त्याच्या घरी चहासुद्धा वहिनी करायची.

स्वयंपाक तिला जमत नव्हता असं नाही, तिनं तो शिकायचाच नाही असं ठरवलं होतं. त्याऐवजी ती लिफ्ट दुरुस्त करायला शिकली. बारा मजल्यांच्या पोकळीत उभं राहून बोल्ट आवळायची, पण ओट्यापाशी उभी राहायची नाही. लहानपणी तिनं रोज पाहिलं होतं, मीठ कमी पडलं की बाबा ताट भिरकावायचे. जास्त पडलं तरी भिरकावायचे. ते पहिला घास तोंडात घालत तेव्हा आई डावा हात हळूच मांडीवर ओढून घ्यायची आणि तो घास उतरेपर्यंत तिथंच दाबून धरायची. पुढं तिची साखर वाढली. डॉक्टरांनी तिलाही पथ्य सांगितलं होतं. पण तिच्यासाठी वेगळं पातेलं काही चढलं नाही. बघता बघता ती गेली.

आणि आता यांच्यासाठी वेगळं पातेलं चढत होतं. ते करायचं कुणी, तर तिनं.

करत होती, पण दात-ओठ खात. बाबांना ती रोज त्याच ताटात वाढायची, काठाला पोचा आलेल्या. पोचा कसा आला ते दोघांनाही माहीत होतं. वाढून झालं की दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून ती उभी राहायची. ताट रिकामं होईपर्यंत हलायची नाही. एकदा तरी त्यांनी नाक मुरडावं, एकदा तरी अळणी म्हणावं, मग तिच्याजवळ वीस वर्षांचं उत्तर तयार होतं. पण बाबा काही म्हणतच नव्हते. 'छान झालंय,' एवढंच.

तिनं पिशवीच्या आतल्या कप्प्यातून तो चिमुकला चमचा काढला. तो ती घरात ठेवायची नाही, स्वतःबरोबर कामावर न्यायची. मीठ घातलं आणि शर्टाच्या खिशातला खडू काढून भिंतीच्या फरशीवर, डोळ्यांच्या उंचीला, एक आडवी रेघ मारली. कामावरची सवय. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर खडूची रेघ मारायची. रेघ नाही तो बोल्ट आवळलेला नाही, मग कुणी कितीही शपथा घेवोत. पहिल्याच आठवड्यात मीठ घातलं की नाही याचा गोंधळ झाला होता, तेव्हापासून ती रेघ इथंही आली.

भाजी आणि भात ताटात वाढून तिनं ते बाबांसमोर ठेवलं.

बाबांनी पहिला घास घेतला. जरा थांबले. मग पाणी प्याले.

"काय झालं?"

"काही नाही. छान झालंय."

ते खात राहिले. दर दोन घासांना पाणी. तिसरा पेलाही त्यांनी स्वतःच भरला, तिनं तांब्या पुढं केला नाही. ताट चाटूनपुसून रिकामं झालं. तेव्हा ती वळली, पावाच्या तुकड्यानं पातेल्याचा तळ पुसला आणि तोंडात टाकला.

तो तिनं तसाच मोरीत थुंकला. नुसतं मीठ! जीभ भाजल्यासारखी झाली.

"तुम्ही चोरून मीठ घातलंत?" ती बाहेर आली ती ओरडतच. "माझा जीव चाललाय राबून आणि तुम्ही..."

"चोरून नाही गं." बाबा खुर्चीतच मागं सरकले. "भाजी चढवली, मग मीठही घातलं. तुझा तो छोटा चमचा सापडला नाही. म्हणून जेवणाचा घेतला. तू करतेस तशी रेघही मारली."

ती आत गेली. फरशीवर तिची रेघ होती. आणि खूप खाली, स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं, आणखी एक. वाकडी, दोनदा गिरवलेली. ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी तिच्याच खडूचा जुना तुकडा पडला होता.

"पहिल्याच घासाला कळलं असेल ना?"

"कळलं."

"मग बोलला का नाहीत? खाल्लंत कशाला सगळं? उद्या पाय सुजले, श्वास अडकला, म्हणजे?"

तिनं समोरचं ताट उचललं. पोचा नेमका अंगठ्याखाली आला. हात वर गेला, का ते तिलाही सांगता आलं नसतं. बाबांनी डावा हात झटकन टेबलाखाली ओढून घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

"तू चिडलेली होतीस," ते म्हणाले.

तिला त्यांची दया आली नाही. भीती वाटली, पण ती त्यांच्या हृदयाची नव्हे. वर गेलेला हात कुणाचा आहे, ते तिला एकाएकी ओळखू आलं होतं.

ताट तिनं आवाज न करता खाली ठेवलं. डॉक्टरांना फोन लावला, काय झालं ते सगळं सांगितलं, चमच्याचंही. पाय उंच ठेवा, यापुढं पाणी बेतानं द्या, दम लागला तर ताबडतोब घेऊन या, तिकडून आवाज आला. तिनं बाबांच्या पायांखाली उशी ठेवली, घोट्यावर बोट दाबून पाहिलं आणि घड्याळ बघून तिथंच बसली. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बसत होती.

"सांगायचं," ती म्हणाली. "मी चिडले तरी सांगायचं."

"हो."

बाबांनी ताटाच्या पोचा आलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"तुझ्या आईनं तरी कुठं सांगितलं," ते म्हणाले.

वीस वर्षांचं जे उत्तर तयार होतं, ते आता कुणाला द्यायचं ते तिला कळेना. तासाभरानं तिनं पुन्हा त्यांचे घोटे दाबून पाहिले, श्वास मोजला, मग पिशवीतून हातोडी आणि एक खिळा काढला. वाकड्या रेघेच्या शेजारी, दोन फरशांच्या सांध्यात, तो ठोकला आणि चिमुकला चमचा त्याला अडकवला. मग वरची स्वतःची रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली.