साठाचे आठ

त्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज एक खेळ चाले. खेळ कसला, किळसवाणा प्रकार! धाकटा मुलगा ताटात मान घालून पुटपुटायचा, "अण्णा, तुम्हाला भंगारात देऊन टाकू का?" आणि अण्णा प्रसन्न चेहऱ्याने म्हणायचे, "हो, हो." मग कुणालाच हसू आवरायचं नाही. थोरल्याची नऊ वर्षांची लेक तर हसून हसून खुर्चीवरून घसरायची. सगळे हसतात म्हणून अण्णाही हसायचे आणि विचारायचे, "काय म्हणाला रे?"

"काही नाही!" सगळे एका सुरात.

अण्णा सुतार. घरामागच्या कारखान्यात लाकूड कापायच्या यंत्रापाशी त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. आता कारखाना थोरला सांभाळायचा. अण्णांकडे फोनवरच्या ऑर्डरी लिहून घेणं आणि थोडंफार रंधाकाम उरलं होतं. थोरल्याला वडिलांचा अगदी वीट आला होता. टीव्हीचा आवाज भिंती हादरवणारा, त्यांना एकच गोष्ट चारदा सांगायची आणि तीही घसा फोडून! कुणीतरी सांगितलं म्हणून धाकट्याने त्यांच्या कानात कोमट तेल ओतून पाहिलं होतं. थोरल्याने फुटपाथवरून कानाचं मशीन आणलं होतं, ते नुसत्या शिट्ट्या मारायचं. अण्णांनी दोन दिवसांत ते खिळ्यांच्या डब्यात टाकलं, तेव्हा थोरला फणकाऱ्याने म्हणाला, "सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं यांना!" वाचकहो, हे वाक्य आपणही कधी ना कधी बोललो आहोत.

एकदा एका शाळेने फोनवर साठ स्टुलांची ऑर्डर दिली. अण्णांनी वहीत लिहिलं, स्टूल, आठ. ठरल्या दिवशी शाळेचा टेम्पो दारात आला, तेव्हा पॉलिश केलेली आठ स्टुलं रांगेत उभी होती. देखणी होती, हा भाग वेगळा.

थोरल्याचं डोकंच फिरलं. सगळ्या कामगारांसमोर त्याने वही अण्णांच्या अंगावर भिरकावली. "कानात बोळे घालून बसता का? उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही!"

हे मात्र अण्णांना ऐकू आलं. त्यांनी वही उचलली, तिच्यावरचा भुसा झटकला, कानामागची पेन्सिल काढून बाकावर ठेवली आणि ते घरात निघून गेले. त्या दिवशी टेबलावर खेळ झाला नाही, कारण अण्णा जेवायलाच आले नाहीत.

"त्यांना घरी बसवायच्या आधी एकदा कान तर दाखवा," थोरल्याची बायको म्हणाली. "तेल ओतलंत, बोंबललात, खिदळलात. मीही हसले, आणि आता मला माझीच शिसारी येतेय. डॉक्टरकडे कधी नेलंत का?"

नव्हतं नेलं. एकदाही नाही!

कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ आणि तेलाचा चिकटा काढला आणि श्रवणतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंनी अण्णांना बंद खोलीत बसवून हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं आणि त्याचा आलेख थोरल्यापुढे ठेवला.

"जाड आवाज यांना बऱ्यापैकी ऐकू येतात. बारीक आवाज गेलेत. यंत्राच्या आवाजाने आधी तेच जातात. 'स' हा तसाच बारीक. साठमधला 'स' गेला तर काय ऐकू येईल?"

थोरल्याने ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. साठ. आठ.

"म्हणजे तो वेंधळेपणा नव्हता?"

"कसला वेंधळेपणा? कानावर आलं तेच लिहिलं त्यांनी. आणि ओरडून काही होत नाही, जाड आवाज तेवढा वाढतो. समोर या, तोंड दिसू द्या, सावकाश बोला." मग त्या अण्णांकडे वळल्या. "अण्णा, घरात सगळ्यांत जास्त काय ऐकू येतं?"

अण्णा ओशाळं हसले. "'काही नाही.' ते आता मी नुसत्या ओठांवरून ओळखतो."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला आपल्याच घराची, आपल्याच टेबलाची किळस आली.

"फुटपाथवरचं मशीन सरसकट सगळंच मोठं करतं," बाई कपाटाकडे वळून सांगत राहिल्या. "यांचं मशीन या आलेखाप्रमाणे बसवू आणि कान सरावतील तसं दोन-तीन वेळा जुळवू." मग वळून त्यांनी थोरल्याकडे रोखून पाहिलं. "आता तुम्ही बसा त्या खोलीत."

"मी? मला काय झालंय?"

"मगाशी पाठमोरी असताना मी विचारलं, तुम्ही किती वर्षं यंत्रावर आहात? तुम्ही म्हणालात, 'हो, हो.'"

थोरल्याच्या आलेखाची रेघही बारीक आवाजांपाशी खाली घसरायला लागली होती.

महिन्याभराने अण्णा पुन्हा ऑर्डरी घेऊ लागले. कानामागची जागा मशीनने घेतल्यामुळे पेन्सिल खिशात गेली. "साठ ना? सहावर शून्य?" असं ते दरवेळी विचारून घेत. यंत्रावरच्या प्रत्येकाच्या कानांवर आता संरक्षक कवच होतं, आणि थोरल्याच्याही.

त्याच सुमारास जेवताना लेक ताटात बघत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणालीस?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही, बाबा."

थोरल्याचा घास हातातच राहिला. पण अण्णांनी ऐकलं होतं!

"काही नाही कसं? शाळेतल्या नाटकात तिला काम मिळालंय," ते म्हणाले. "बाळा, बाबाकडे तोंड करून परत सांग."

तिने मान वर केली आणि परत सांगितलं.

मंडळी, कमी ऐकू येणारा माणूस आपल्याही घरात असेल. त्याच्या कानात तेल ओतू नका, त्याला हसू नका. वेळेवर तज्ज्ञाकडे न्या. आणि त्याने "काय म्हणालात?" असं विचारलं, तर "काही नाही" हे दोन शब्द तेवढे गिळून टाका.